धोक्याचा रस्ता नेमका कुठला? ब्लॅक स्पॉट शोधायची पद्धत हवी आहे

माळरान

नमस्कार मंडळी,

तालुक्यातून जाणाऱ्या राज्यमार्गाच्या २२ किलोमीटरच्या पट्ट्याबद्दल विचारायचं आहे. दोनपदरी रस्ता, दुभाजक नाही, दोन्ही अंगांना ऊस, चार गावांचे फाटे आणि एक साखर कारखाना. अपघात होतात यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण सर्वांत वाईट जागा कुठली म्हटलं की प्रत्येक गाव आपल्याच फाट्याकडे बोट दाखवतं. सार्वजनिक बांधकामच्या उपविभागाने लेखी कळवलंय की हा रस्ता ब्लॅक स्पॉटच्या यादीत नाही.

चारही ग्रामपंचायती मिळून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे अर्ज देणार आहेत. यादीत यायचा निकष काय? नोंदी कुठून मिळवायच्या? निकषात बसत नसेल तर तो तुकडा धोक्याचा आहे हे कागदावर कसं दाखवायचं? आणि गावांची मागणी एकच आहे, गतिरोधक. ती योग्य आहे का?

मैलाचा दगड

आधी निकष. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१५ मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी ठरवलेली व्याख्या अशी: सुमारे ५०० मीटरचा तुकडा, आणि त्यावर मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मिळून मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. दोन्हींपैकी एक भरलं तरी पुरे. किरकोळ दुखापत आणि नुसतं गाडीचं नुकसान यात धरत नाहीत. राज्यमार्गांनाही व्यवहारात हीच फूटपट्टी लावतात. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:१३१ ही २०२२ ची मार्गदर्शिका खास ब्लॅक स्पॉट शोधणं आणि दुरुस्त करणं याच विषयावर आहे. अर्जात तिचा उल्लेख करा.

आता यादीत नाव का येत नाही ते बघा. बऱ्याचदा रस्ता किलोमीटरच्या दगडापासून ५००-५०० मीटरच्या ठरावीक तुकड्यांत कापतात आणि प्रत्येक तुकड्यातले अपघात मोजतात. समजा अपघात १२/३००, १२/४२०, १२/४८०, १२/५६० आणि १२/६४० या साखळीवर (म्हणजे रस्त्यावरच्या अंतरावर; १२/३०० म्हणजे १२ किलोमीटर ३०० मीटर) झालेत. ठरावीक तुकडे केले तर १२/००० ते १२/५०० मध्ये तीन आणि पुढच्या तुकड्यात दोन. दोन्ही निकषाबाहेर. पण १२/३०० पासून ५०० मीटरची खिडकी लावली तर पाचही आत येतात. म्हणून खिडकी सरकवत न्यायची, १०० मीटरने पुढे, पुन्हा मोजणी, पुन्हा १०० मीटर. २२ किलोमीटरसाठी हे काम वहीवरसुद्धा एका बैठकीत होतं. अर्जासोबत हाच तक्ता जोडा.

खडी_डांबर

+१. फाट्याजवळ तर हा घोळ हमखास होतो. किलोमीटरचा दगड कित्येकदा फाट्यालगतच असतो, मग फाट्याच्या अलीकडचे अपघात एका तुकड्यात आणि पलीकडचे दुसऱ्यात.

पंचनामा

नोंदींबद्दल लिहितो, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे.

पहिली पायरी म्हणजे त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचे तीन वर्षांचे अपघाताचे गुन्हे. १ जुलै २०२४ पूर्वीचे गुन्हे भादंवि कलम ३०४-अ (मृत्यू), ३३८ (गंभीर दुखापत), ३३७ (साधी दुखापत) आणि २७९ खाली सापडतील. त्यानंतरचे भारतीय न्याय संहितेच्या १०६(१), १२५(ब), १२५(अ) आणि २८१ खाली. तीन वर्षांचा कालखंड या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरत असेल तर एक फरक ध्यानात ठेवा. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार बंद राहण्याची मुदत आधी २० दिवस होती, नव्या संहितेत ती १५ दिवस आहे. त्यामुळे जुलै २०२४ नंतर 'गंभीर' थोडे वाढलेले दिसले तर लगेच रस्ता बिघडला असा निष्कर्ष काढू नका.

दुसरी गोष्ट कलमवाढीची. अपघाताच्या दिवशी जखमी जिवंत असतो म्हणून गुन्हा दुखापतीचा नोंदवतात. मग त्याला मोठ्या शहरातल्या रुग्णालयात हलवतात आणि तो चार दिवसांनी जातो. मृत्यूचे कागद त्या शहरातल्या ठाण्यात होतात, ते मूळ ठाण्यात आल्यावर मृत्यूचं कलम वाढतं. तुम्ही फक्त पहिल्या दिवसाच्या खबरी अहवालावरून मोजलंत तर हा मृत्यू सुटतो. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू अपघाती मृत्यूच धरतात.

तिसरी, अकस्मात मृत्यू नोंदवही. दुचाकीस्वार एकटाच घसरून किंवा मोरीच्या कठड्यावर आदळून गेला, दुसरं वाहन नाही, तर कित्येकदा गुन्हा नोंदवत नाहीत, अकस्मात मृत्यूची नोंद होते. गुन्ह्यांच्या यादीत तो कधीच दिसणार नाही. ही नोंदवही वेगळी मागा.

महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रकाशित प्रथम खबरी अहवाल दिसतात. ठाणे आणि तारखा निवडून शोधता येतं, वेळखाऊ आहे पण फुकट आहे. बाकीचं माहितीच्या अधिकारात मागा: जोडपत्र अ, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. नावं, पत्ते, गाडी नंबर मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारायला कारण मिळतं. फक्त तारीख, वेळ, घटनास्थळाचं वर्णन, वाहनांचे प्रकार, धडकेचा प्रकार, मृत आणि गंभीर जखमींची संख्या एवढंच मागा.

माळरान

पंचनामा, फार मोलाची माहिती, मनापासून आभार. घटनास्थळाबाबत अडचण अशी की खबरी अहवालात "अमुक ढाब्याजवळ" किंवा "ठाण्यापासून पूर्वेस ७ किमी" एवढंच असतं. त्यातून साखळी कशी काढायची?

पंचनामा

खबरी अहवालावर थांबू नका, घटनास्थळ पंचनामा बघा. त्यात चतुःसीमा असते: उत्तरेस कोणाचं शेत, दक्षिणेस कुठली मोरी, विजेचा खांब किती अंतरावर. गावातला माणूस पंधरा मिनिटांत ती जागा दाखवेल. पोलीस पाटलांना सोबत घ्या. त्यांनी दाखवलेल्या जागेवर फोनमधून अक्षांश-रेखांश घ्या आणि जवळच्या किलोमीटर दगडापासून अंतर टेपने किंवा मोटारसायकलच्या मीटरवर मोजा. टेप बरा, मोटारसायकलचं मीटर १०० मीटरच्या टप्प्यानेच दाखवतं.

२०२१ पासून आयरॅड ही राष्ट्रीय अपघात नोंद प्रणाली आली. आयआयटी मद्रास आणि एनआयसी (केंद्र सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) यांनी ती विकसित केली. पोलीस अंमलदार जागेवरूनच अॅपमध्ये स्थान भरतो. पुढे ई-डार, म्हणजे अपघाताचा सविस्तर ऑनलाइन अहवाल, आलं. त्यातलं स्थान चांगलं असतं, पण नोंद ठाण्यात परत आल्यावर भरली असेल तर ठाण्याचेच अक्षांश-रेखांश चिकटतात. नकाशावर पोलीस ठाण्याच्या दारात अपघातांचा पुंजका दिसला तर तो पुंजका बाजूला काढा आणि त्यातला प्रत्येक अपघात पंचनाम्यावरून पुन्हा जागेवर बसवा.

रुग्णवाहिका

ग्रामीण रुग्णालयातली मेडिको-लीगल नोंदवही आणि १०८ रुग्णवाहिकेच्या फेऱ्यांची नोंद हेही दोन स्रोत आहेत. पोलिसांकडे न गेलेले दुचाकीवरून पडलेले लोक तिथे सापडतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ४४ टक्क्यांहून थोडे जास्त दुचाकीवरचे होते. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४. गावाकडच्या रस्त्यावर दुचाकीचे अपघात मोजले नाहीत तर निम्मं चित्रच हातातून जातं.

१०८ ला फोन करणारा माणूस जागा कशी सांगतो तेही नोंदीत असतं. "पुलाच्या उतारावर", "बागेच्या वळणावर". ही नावं खबरी अहवालातल्यापेक्षा नेमकी असतात.

रेषाखंड

इथे थोडा विरोध नोंदवतो. पाचचा आकडा हातात आला म्हणजे जागा धोक्याची ठरली, असं मानू नका.

हिशेब मांडतो. समजा तुमच्या २२ किलोमीटरवर सगळीकडे धोका अगदी सारखा आहे आणि ५०० मीटरमागे तीन वर्षांत सरासरी २ गंभीर अपघात होतात. अपघात विरळ आणि योगायोगाने होत असतील तर पॉयसाँ वितरण लागतं. त्यानुसार एखाद्या तुकड्यात ५ किंवा जास्त अपघात निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता ५.३ टक्के. २२ किलोमीटरमध्ये असे ४४ तुकडे. म्हणजे रस्त्यात काहीही दोष नसताना दोन-तीन ब्लॅक स्पॉट 'सापडतील'. खिडकी सरकवत नेली तर आणखीही, कारण संधी वाढतात.

याचा उलटा परिणाम आणखी वाईट. ज्या तुकड्यात योगायोगाने जास्त झाले, तिथे पुढच्या तीन वर्षांत काही न करताही आकडा खाली येतो. तिथे कोणी चार फलक लावले असतील तर श्रेय फलकांना जातं. आणि जिथे खरोखर वळण चुकलंय पण तीन वर्षांत चारच अपघात झाले, ती जागा यादीबाहेर राहते.

खडी_डांबर

@रेषाखंड, गणित पटलं, पण समितीसमोर हे मांडलं तर "मग अजून तीन वर्षं वाट बघू" असं उत्तर मिळेल. तिथे माणसं मरत असताना योगायोगाची चर्चा गावाला कशी समजावणार?

रेषाखंड

वाट बघा असं मी मुळीच म्हणत नाही. आकड्याने जागा निवडा, पण खात्री धडकेच्या प्रकारावरून करा. पाच अपघात पाच वेगळ्या तऱ्हेचे, वेगळ्या दिशांचे, वेगळ्या वेळांचे असतील तर योगायोगाची शंका घ्या. पाचपैकी चार एकाच दिशेने येणारे, रात्रीचे, रस्ता सोडून डाव्या शेतात गेलेले असतील तर रस्ताच ते घडवतोय. चार असले तरी. जमलं तर पाच वर्षांच्या नोंदी घ्या आणि शेवटची तीन वेगळी दाखवा.

मैलाचा दगड

रेषाखंड यांच्याशी सहमत. याच कामासाठी धडक-आकृती काढतात. एका पानावर तुकड्याचा साधा नकाशा, फाटे, मोऱ्या, झाडं, थांबे. प्रत्येक अपघाताला दोन बाण, वाहनं कुठून कुठे चालली होती ते दाखवणारे. मृत्यू असेल तर गोल भरीव, गंभीर असेल तर पोकळ. बाणाशेजारी महिना, वेळ, पाऊस होता का. दहा-बारा अपघात काढले की नमुना डोळ्यांना दिसायला लागतो.

काटकोनातल्या धडका जास्त असतील तर फाट्यावरून मुख्य रस्ता दिसत नाही. समोरासमोरच्या असतील तर ओव्हरटेकला पुरेशी दृष्टी नसलेला चढ किंवा वळण. एकटं वाहन रस्ता सोडत असेल तर वळणाचा बाक, साइडपट्टी किंवा रात्री न दिसणारी कड. मागून धडका रात्रीच्या असतील तर उभी वाहनं.

या शेवटच्या प्रकारात तुमच्या भागात महिना बघायला विसरू नका. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री बिनदिव्याच्या चालतात, पंक्चर झाली की रस्त्यावरच जॅक लावून उभ्या राहतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागे रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलला ट्रॉली म्हणजे अंधारातला उसाचा ढीग, त्याला दिवा नाही. धडका नोव्हेंबर ते मार्चमध्येच गोळा होत असतील तर उपाय रस्त्यावर शोधू नका. कारखान्याच्या गेटवर ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी नसेल तर वजनकाट्यावर घ्यायची नाही, एवढं ठरलं तरी फरक पडतो.

उंबरा

उसाचा दुसरा त्रासही लिहा कुणीतरी. फाट्याच्या कोपऱ्यावर उभा ऊस असला की शेतरस्त्यावरून येणाऱ्याला मुख्य रस्ता दिसतच नाही. पाहणी एप्रिलमध्ये केली तर ऊस तुटलेला, लांबपर्यंत स्वच्छ दिसतं आणि पाहणीचा शेरा पडतो, "दृष्टी समाधानकारक". तीच जागा सप्टेंबरमध्ये बघा.

वळणवाट

उंबरा, अगदी नेमका मुद्दा. मोजायचं कसं ते सांगतो, गावातली दोन माणसं, एक ५० मीटरची टेप, दोरी, स्पिरिट लेव्हल आणि फोनमधलं स्टॉपवॉच यांत सगळं होतं. चमकणारी जॅकेट घाला, एक माणूस फक्त येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवेल, आणि डांबरावर उभं राहायचं नाही.

फाट्याची दृष्टी: शेतरस्त्यावर मुख्य रस्त्याच्या कडेपासून १५ मीटर मागे, दुचाकीस्वाराच्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण १.२ मीटर, उभं राहा. तिथून मुख्य रस्ता दोन्हीकडे किती मीटर दिसतो? मुख्य रस्त्याचा वेग ताशी ८० असेल तर १८० मीटर हवा, ६५ असेल तर १४५, ५० असेल तर ११०. हिशेब ८ सेकंदांचा आहे. उसाने दिसतं ते अंतर ३० मीटर असेल तर अपघात अजून झाले नसले तरी ती जागा धोक्याची आहे, आणि हे समितीला मोजमापासकट दाखवता येतं.

वेग: रस्त्याकडेला १०० मीटर अंतरावर दोन खुणा करा. गाडी पहिल्या खुणेवर आली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर बंद. ३६० भागिले सेकंद म्हणजे ताशी किलोमीटर. ४.५ सेकंद लागले तर ८०. किमान १०० मोकळ्या गाड्या मोजा, दुसऱ्या गाडीमागे अडकलेल्या नकोत. चढत्या क्रमाने लावून ८५वी गाडी बघा, तोच ८५ टक्क्यांचा वेग. फलकावर ४० लिहिलंय आणि ८५वी गाडी ७८ ने जातेय, तर फलकाचा उपयोग होत नाही आणि मोजमापंही ७८ धरूनच करायची. दुचाकी, मोटारी आणि जड वाहनं यांचे आकडे वेगळे ठेवा.

वळण: आतल्या कडेला मोजा. आतल्या कडेवर दोन टोकं धरून ३० मीटरची दोरी ताणली की दोरी रस्त्याबाहेर, साइडपट्टीवर येते, त्यामुळे काम सुरक्षित होतं. दोरीच्या मध्यापासून डांबराच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. दोरीचा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, अधिक अंतराचा अर्धा, म्हणजे त्रिज्या. अंतर १ मीटर आलं तर ९०० भागिले ८, अधिक अर्धा, म्हणजे ११३ मीटर.

मग बाक, म्हणजे वळणावर बाहेरची कड किती उचललेली आहे ते. २ मीटरची सरळ पट्टी रस्त्यावर आडवी, वर स्पिरिट लेव्हल. पट्टी सपाट केल्यावर खालच्या टोकाखाली १४ सेंमी फट आली तर ७ टक्के बाक, सपाट प्रदेशातली ही कमाल. ४ सेंमी आली तर २ टक्केच. यासाठी डांबरावर जावं लागतं म्हणून पहाटे, वाहतूक थांबवायला पोलीस असेल तरच करा.

आता वेगाचा वर्ग भागिले (१२७ गुणिले त्रिज्या), हे बाक अधिक घर्षणाइतकं असतं. घर्षण ०.१५ धरा. ११३ मीटरच्या वळणावर ७ टक्के बाक असेल तर सुरक्षित वेग सुमारे ५६. बाक २ टक्केच असेल तर ४९. ८५वी गाडी ७० ने येत असेल तर उत्तर तुमच्यासमोर आहे.

रेषाखंड

फारच उत्तम प्रतिसाद, वळणवाट. यात एक जोड. वेग थोडाही उतरला तरी फायदा मोठा असतो. सरासरी वेग ५ टक्क्यांनी घटला की प्राणघातक अपघात साधारण १८ ते २० टक्क्यांनी घटतात, वेगाच्या चौथ्या घाताच्या नियमाने.

टोलनाका

थोडं अवांतर, पण याच विषयाला धरून. धडक जिथे होते तिथेच कारण असतं असं नाही. पुण्याजवळ नवले पुलाचं उदाहरण घ्या. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे ४८ वाहनांची साखळी धडक झाली. पण कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंत सलग लांब उतार आहे. जड वाहनं तो उतार न्यूट्रलमध्ये उतरतात, ब्रेक तापून निकामी होतात, आणि खाली पुलापाशी वाहतूक साचलेली असते. ५०० मीटरची खिडकी फक्त पुलावर लावलीत तर उपायही पुलापाशीच सुचतील. जड वाहनाने खालचा गिअर कुठे टाकायचा ते उताराच्या माथ्यावर सांगावं लागतं, खाली सांगून उपयोग नाही.

वळणवाट

खंबाटकीचं इंग्रजी एस आकाराचं वळणही तसंच. साताऱ्याकडून पुण्याकडे येताना बोगदा संपला की उतार, आणि उतारावर उलटसुलट दोन वळणं. एप्रिल २०१८ मध्ये तिथे मजुरांचा टेम्पो उलटून पंधराहून अधिक माणसं गेली. तिथे वाहन उतारानेच वेग घेऊन वळणात शिरतं. अशा जागी नुसता "वेग कमी करा" फलक पुरत नाही. रस्त्याची मांडणीच बदलावी लागते, म्हणून तिथे नव्या बोगद्यांचं काम हाती घेतलं गेलं.

खडी_डांबर

द्रुतगती मार्गाबद्दल कुणी लिहिणार का? मुंबई-पुण्यावर आकडे उतरले म्हणतात.

टोलनाका

तिथे २०१६ मध्ये १५१ मृत्यू होते, २०२० मध्ये ६६. २०२० च्या आकड्यात टाळेबंदीचा वाटा आहे, तो वजा करूनच बघा. पण कामाची पद्धत शिकण्यासारखी होती. एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), महामार्ग पोलीस, रस्ता सुरक्षेवर काम करणारं सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्रा यांनी मिळून ९४ किलोमीटर तपासले. उघडे काँक्रीटचे खांब आणि कठडे झाकणं, क्रॅश बॅरिअरची टोकं दुरुस्त करणं, कडेला उभे राहणारे ट्रक हटवणं आणि वेगावर कारवाई अशी सगळी कामं एकदम हातात घेतली.

उंबरा

क्रॅश बॅरिअरच्या टोकाबद्दल आमच्याकडेही बघायला हवं. पत्र्याचं बॅरिअर रस्त्याकडेला उघडं संपलं तर तेच मोटारीत घुसतं. टोक मागे वळवलेलं किंवा जमिनीत उतरवलेलं हवं. आणि दरवेळी डांबराचा नवा थर पडला की बॅरिअर रस्त्याच्या मानाने बुटकं होत जातं.

जुनी वडाची झाडं मात्र कुणी तोडायला सांगू नका. बुंध्यावर परावर्तक पट्टी, वळणावर शेवरॉन (वळणाची दिशा दाखवणारे बाणाचे फलक), आणि झाडाआधी बॅरिअर. सावली टिकते, माणूसही वाचतो.

मैलाचा दगड

+१ उंबराताई. नव्या थराचं आणखी एक. डांबर १० सेंमी वर येतं आणि साइडपट्टीत मुरूम भरत नाहीत. समोरून बस आली की दुचाकी कडेवरून खाली उतरते, परत वर घेताना चाक कडेला घासून माणूस बसपुढेच पडतो. नोंदीत हा अपघात "बसची दुचाकीला धडक" असा येतो. कडेचा फरक पट्टीने मोजा, फोटोत पट्टी दिसू द्या. याला नवं अंदाजपत्रक लागत नाही, मुरूम आणि रोलर लागतो.

माळरान

इतक्या सगळ्या तपशिलाची अपेक्षाच नव्हती, सगळ्यांचे आभार. आता गतिरोधकाबद्दल सांगा. परवा ग्रामसभेत तोच ठराव येणार आहे.

मैलाचा दगड

मुख्य रस्त्यावर मागू नका. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक ठेवायचे नाहीत असं मंत्रालयाचं धोरणच आहे. आयआरसी:९९ मधला साधा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, ताशी २५ ने ओलांडण्यासाठी. गावात लोक घालतात तो एक फूट रुंदीचा उभा बांध. ७०-८० ने येणाऱ्या गाडीला तो रात्री दिसत नाही. मागे बसलेली बाई उडून पडते, मागचा ट्रक पुढच्या मोटारीवर चढतो. म्हणजे एक नवा अपघात तुम्हीच तयार करता.

गतिरोधक फाट्याच्या रस्त्यावर घ्या, मुख्य रस्त्याला मिळण्याआधी. येणारी मोटारसायकल थांबून बघते. मुख्य रस्त्यावर आधी फाट्याचा फलक, मग थर्मोप्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या, कडेला परावर्तक, आणि दोन्ही कोपऱ्यांवरचा दृष्टीचा त्रिकोण, फाट्याच्या रस्त्यावर १५ मीटर आणि मुख्य रस्त्यावर वळणवाट यांनी वेगानुसार दिलेलं अंतर, उसाविना. शेतकऱ्याने त्या कोपऱ्यात ऊस सोडून भुईमूग किंवा हरभरा घेतला तरी चालतं. ग्रामसभेत त्याला भरपाई द्यायचं ठरवा, रक्कम मोठी होत नाही.

खडी_डांबर

आडव्या पट्ट्यांबाबत एक सावधगिरी. पट्टी कडेपर्यंत नेली नाही तर दुचाकीवाले साइडपट्टीवरून वळसा घालतात आणि तिथेच पादचाऱ्याला धडक बसते.

टोलनाका

मोटार वाहन कायद्याचं कलम १९८-अ लिहा अर्जात. २०१९ च्या दुरुस्तीने आलंय. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेले सुरक्षा निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड होतो.

पंचनामा

पहिल्याच अर्जात नको, ही माझी आग्रहाची विनंती. शाखा अभियंत्याला सोबत घेऊन संयुक्त पाहणी करायची आहे. दंडाचं कलम वाचलं की तो पाहणीला येण्याआधी वरिष्ठांची परवानगी मागेल आणि महिना जाईल. संयुक्त पाहणीत रस्त्याचा दोष त्याच्याच सहीने नोंदवला जाऊ द्या. त्यानंतर काम झालं नाही तर कलम हाताशी आहेच.

माळरान

पटलं. मग अर्जात धडक-आकृती, सरकत्या खिडकीचा तक्ता, वेगाची मोजणी, फाट्यांची दृष्टी आणि साइडपट्टीचे फोटो, एवढं जोडतो. राहिला एक फाटा, जिथे एसटीचा थांबा आहे. तिथे तीन वर्षांत दोनच गंभीर नोंदी आहेत, पण दोन्ही पादचारी, दोन्ही शाळेच्या वेळेच्या. निकषात बसत नाही म्हणून वगळू का?

रेषाखंड

मुळीच वगळू नका. दोनच असले तरी एकसारखे आहेत, आणि वेळही एकच आहे.

वळणवाट

थांबा फाट्याच्या कुठल्या अंगाला आहे ते बघा. अलीकडे असेल तर उभी बस फाट्यावरून येणाऱ्याची दृष्टी झाकते, आणि उतरलेली मुलं बसच्या पुढून ओलांडतात, जिथे मागून येणाऱ्या मोटारीला ती दिसत नाहीत. थांबा फाट्याच्या पलीकडे न्या, डांबराबाहेर बसची लांबी मावेल एवढी पक्की जागा करा, आणि ओलांडायची जागा बसच्या मागे ठेवा. हलवायला आगार व्यवस्थापकांचं पत्र लागेल. त्यांना शाळा सुटायच्या वेळी प्रत्यक्ष बोलवा. समोरासमोरचे दोन्ही थांबे एकाच रेषेत असतील तर तेही पुढेमागे करून घ्या, नाहीतर दोन बस एकदम उभ्या राहिल्या की रस्ता बंद होतो आणि मागची दुचाकी मधल्या फटीत शिरते.

माळरान

अलीकडेच आहे, आणि समोरासमोर. उद्या शाळा सुटताना मुख्याध्यापक आणि पोलीस पाटलांसोबत मोजणी करतोय. आकडे इथेच टाकतो.